विश्लेषण : पगार मोठा हवा, की पुरेसा?

रविवारी संध्याकाळी सातारा किंवा कराडच्या बसस्थानकावर उभे राहिले, की स्वारगेटच्या गाडीसाठी उसळलेली गर्दी दिसते. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेली पिशवी, पिशवीत भाकरी, चटणी आणि लोणच्याची बरणी. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असते. दोन दिवसांच्या मुक्कामात घरी आलेल्या प्रत्येकाने या मुलामुलींना एकच प्रश्न विचारलेला असतो : ‘किती मिळतात?’ ‘त्यात भागते का?’ हे क्वचित कुणी विचारते. ‘काम आवडते का?’ हे तर जवळजवळ कुणीच विचारत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हजारो घरांचे निर्णय मात्र या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहेत.

प्रश्न नेमका काय?

कमाई, कामाचे समाधान आणि जगण्यापुरते असणे या तीन गोष्टी एकाच नोकरीत मिळाव्यात, अशी आज प्रत्येकाची अपेक्षा असते. त्या तशा मिळत नाहीत, तेव्हा ‘समाधानी राहायला शिका’ असा सल्ला एका बाजूने येतो आणि ‘अजून मेहनत करा’ असा दुसऱ्या बाजूने. दोन्ही सल्ल्यांत एक गृहीत दडलेले असते, की ही तारेवरची कसरत एकट्या माणसाने करायची आहे.

या दोन जिल्ह्यांचा इतिहास वेगळे सांगतो. इथल्या लोकांनी ही कसरत फार पूर्वीपासून केली. दुष्काळी पट्ट्यातून माणसे सोने-चांदी गाळायला देशभर गेली, डोंगरी तालुक्यांतून ओझी वाहायला मुंबईला गेली, गावेच्या गावे फौजेत गेली. यातल्या ज्यांच्या पायाखाली कायद्याची, पाण्याची किंवा संघटनेची जमीन होती, त्यांना पुढे निवड करता आली. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांच्या आयुष्यात समाधानाचा विषय निघालाच नाही.

‘पुरेसे’ किती, हे कुणी ठरवले आहे का?

ठरवले आहे आणि तेही बऱ्यापैकी बारकाईने. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये कामगाराला निर्वाह वेतन मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. किमान वेतन कायदा १९४८ सालचा. त्याच सुमारास नेमलेल्या योग्य वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान, योग्य आणि निर्वाह. किमान म्हणजे जेमतेम तग धरण्याइतके. निर्वाह म्हणजे अन्नवस्त्रापलीकडे मुलांचे शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांची सोय होईल इतके.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे मोजमापच ठरवून दिले. कमावणाऱ्या एका माणसामागे उपभोगाची तीन एकके धरायची, प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात आणखी २५ टक्क्यांची भर घालायला सांगितली. ती होती मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्यासाठी.

म्हणजे लग्न, आजारपण आणि सण हे चैनीचे खर्च नसून पगारात मोजायचे खर्च आहेत, हे न्यायालयाने तीन दशकांपूर्वीच मान्य केले आहे. ‘पुरेसे’ची व्याख्या शोधायला कुठे लांब जायची गरज नाही. आपल्या पगाराची पावती या यादीशेजारी ठेवली, की आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते कळते.

गलाईच्या भट्टीने काय दिले, काय घेतले?

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा पर्जन्यछायेचा पट्टा. पाऊस हुलकावणी देणार, हे इथे ठरलेलेच. या भागातील लोकांनी गलाईचा व्यवसाय धरला. जुने, मिसळ असलेले सोने मुशीत वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे आणि त्याचा टंच काढून सराफाला परत द्यायचे. विटा परिसरातील गलाई व्यावसायिक आज तमिळनाडू, केरळपासून पंजाब, उत्तर प्रदेशापर्यंत सराफ बाजाराच्या गल्लीबोळांत सापडतात. एकाने दुकान टाकायचे, मग भावकीतल्या, गावातल्या मुलाला बोलावून घ्यायचे, त्याने काम शिकून पुढच्या शहरात स्वतःची भट्टी लावायची, अशी ही साखळी आहे.

या साखळीने भरपूर दिले. कोरडवाहू गावांत पक्की घरे उभी राहिली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, मुले इंग्रजी शाळेत गेली. शेतीत बुडालेले कर्ज भट्टीने फेडले. घरी पैसा आणणारे एक माणूस बाहेर आहे, एवढ्या एका गोष्टीवर किती कुटुंबांनी दुष्काळ काढले, याची मोजदाद नाही.

घेतलेही तितकेच. तेजाबाची वाफ फुप्फुसात जाते. काम अनेकदा हवा न खेळणाऱ्या छोट्या खोलीत चालते. मौल्यवान ऐवज हाताळायचा, म्हणून चोरीची आणि संशयाची भीती कायम. मुलांची शाळा एका राज्यात, आजी-आजोबा दुसऱ्या राज्यात. गावाकडे बांधलेला दुमजली बंगला वर्षातून दोनदा उघडतो, यात्रेला आणि दिवाळीला. बाकीचे दिवस त्याला कुलूप, नाहीतर ओसरीवर दोन म्हातारी माणसे.

गलाईवाल्याला ‘काम आवडते का’ असे विचारले, तर तो बहुधा हसून विषय बदलेल. त्याच्या पिढीने हा प्रश्न मुलांसाठी राखून ठेवला. कमाई बापाने करायची आणि आवड मुलाने जपायची, अशी ती पिढ्यांमध्ये केलेली वाटणी होती. आज भट्टीवर बसायला नको म्हणणारा मुलगा कृतघ्न नाही. बापाने ज्यासाठी वाफ सोसली, तेच तो मागतो आहे.

माथाडींनी काय वेगळे केले?

जावळी, पाटण, कोरेगाव या भागांतून मुंबईला गेलेल्या माणसांच्या हाती भट्टी नव्हती, भांडवल नव्हते. होती ती पाठ. मशीद बंदरच्या गोदामांत आणि बाजारांत ते पोती वाहत. आज काम आहे, उद्या नाही. मजुरी मुकादमाच्या मर्जीवर. पाठ मोडली, तर एसटीचे तिकीट काढून गावी परत.

पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना बांधली. तिच्या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्यातली युक्ती साधी आहे. माथाडीला कायमचा एक मालक नसतो, म्हणून मालक आणि कामगार यांच्यामध्ये एक मंडळ उभे केले. दोघांनीही तिथे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही. मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा आणि औषधोपचाराची सोय करायची.

काम तेच राहिले. पोते हलके झाले नाही. तरी माणसाचे आयुष्य बदलले, कारण म्हातारपणाची तजवीज झाली. हमालाचा मुलगा हमालच होणार, ही रेघ पुसली गेली. रोज नव्या मालकाकडे काम करणाऱ्या माणसालाही स्थैर्य देता येते, हे या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी दाखवले. आज दुचाकीवरून घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाची अवस्था १९६० च्या हमालापेक्षा फार वेगळी नाही. मुकादमाच्या जागी मोबाइलमधले ॲप आले, एवढेच. त्याच्यासाठी काय करता येईल असे विचारले जाते, तेव्हा उत्तर शोधायला परदेशात जायचे कारण नाही. ते आपल्याच बाजार समितीत आहे. अर्थात, बोगस नोंदणी आणि माथाडीच्या नावाखाली होणारी खंडणी हे रोग या व्यवस्थेलाही जडले आणि ते काढलेच पाहिजेत. पण रोगावर इलाज करायचा म्हणून रोग्यालाच संपवायचे नसते.

समाधान पगाराची जागा घेऊ शकते का?

हा प्रश्न सातारकरांसाठी नाजूक आहे, कारण इथे त्यागाची परंपरा मोठी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्याआधी ते किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच मातीतली.

पण तो त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. नोकरीवर ठेवलेल्या माणसाकडून तो मागणे वेगळे. आज शिकवण्याची आवड असलेला तरुण पात्रता परीक्षांचे अडथळे ओलांडून शाळेत लागतो, तेव्हा पहिली तीन वर्षे तो शिक्षक नसतो, ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होते. ते १६,००० झाले, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. वाढ मोठी दिसते, कारण आधीची रक्कम लाजिरवाणी होती. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे पीएचडीधारक तासांवर पैसे घेतात आणि सुट्टीत रिकाम्या हाताने घरी बसतात. आशा सेविका गावाचे आरोग्य सांभाळते, तरी तिला कर्मचारी म्हणत नाहीत, ‘स्वयंसेविका’ म्हणतात.

या तिन्ही कामांत समाधान आहे, मान आहे, समाजाला गरज आहे. नेमके म्हणूनच तिथे पगार कमी ठेवता येतो. ‘मानधन’ आणि ‘सेवक’ हे शब्द आदराचे वाटतात, पण वेतनाच्या कायद्यापासून अंतर राखायला ते सोयीचे आहेत. वाणी उधारी मागतो, तेव्हा त्याला समाधान देऊन चालत नाही.

फौजेचेही तसेच. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. या जिल्ह्यात फौज ही आवड होती, पगार होता आणि निवृत्तिवेतन होते. तिन्ही गोष्टी एकत्र देणारी ती दुर्मीळ नोकरी. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने तिसरी गोष्ट काढून घेतली. पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात, चौथ्या वर्षी ४०,०००. चार वर्षांनी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी आणि जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना पुढे संधी. बाकीचे विशीतच परत. धावण्याचा सराव करणारी मुले आजही पहाटे रस्त्यावर दिसतात. पण घरातल्या थोरांच्या बोलण्यात पूर्वीची निश्चिंती उरलेली नाही.

मग गावात राहणे परवडते का?

परवडू शकते, पण त्यासाठी गावाजवळ काहीतरी असावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली, तेव्हा ती सुरक्षित नोकरी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान आणि पुढे नांगरांचा कारखाना काढला. तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली, आजच्या पलूस तालुक्यात. निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत एकत्र उभी राहिली. कामगाराला काम आणि घर यांतून एक निवडावे लागले नाही.

दुसरे उदाहरण पाण्याचे. आटपाडीच्या पाणी परिषदेतून नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजना रखडत का होईना पुढे सरकल्या. ज्या शिवारात कृष्णेचे पाणी पोहोचले, तिथे डाळिंब, द्राक्ष, ऊस आला आणि बाहेर गेलेल्या काहींना परतीचा विचार करता आला. गलाईत राहायचे की शेतीत यायचे, हा पर्याय पाण्याने दिला. पाणी नव्हते, तेव्हा तो पर्याय नव्हताच.

पण गावाचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, गाव सगळ्यांना सारखे नसते. भूमिहीनाला, दलिताला, एकट्या राहू पाहणाऱ्या बाईला शहरातली अनोळखी गर्दी गावापेक्षा मोकळी वाटू शकते. पुण्यात नोकरी करणारी मुलगी ‘पगार कमी चालेल, पण परत नको’ म्हणते, तेव्हा ती स्वातंत्र्याचीही किंमत हिशेबात धरत असते. दोन, गावात राहणाऱ्या मुलाची किंमत लग्नाच्या बाजारात घसरली आहे. पाच एकर बागायत असलेल्या मुलाला नकार आणि पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्याला होकार, हा अनुभव आता गावोगावचा. मुलीच्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. द्राक्षबागेवर एक अवकाळी पाऊस काय करतो, हे त्याने पाहिलेले असते. तो मुलीसाठी महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा शोधतो.

हिशेब कसा मांडावा?

पगाराचा आकडा बाजूला ठेवून महिनाअखेरीस शिल्लक काय राहते, ते आधी लिहावे. आकडे उदाहरणादाखल घेऊ. पुण्यात हातात ३२,००० येतात. भागीदारीतल्या खोलीचे भाडे ७,५००, दोन वेळची मेस ४,५००, रोजचा प्रवास २,५००, महिन्यातून दोनदा गावी जाणे २,०००, फोन-कपडे-किरकोळ ३,०००. शिल्लक १२,५००. कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत १९,००० मिळतात. पेट्रोल २,५००, घरात देणे ५,०००, किरकोळ २,५००. शिल्लक ९,०००. पगारातला फरक १३,००० रुपयांचा, शिलकीतला साडेतीन हजारांचा.

यावरून गावच बरे, असा निष्कर्ष काढू नये. पुढचे चार रकानेही भरावे लागतात.

पहिला रकाना उद्याचा. पाच वर्षांनी या कामातून काय शिकलेलो असू आणि पगार कुठे असेल? पुण्यातली नोकरी इथे अनेकदा वरचढ ठरते. पण लग्नानंतर भागीदारीची खोली चालत नाही आणि आख्ख्या घराचे भाडे वरचा सगळा हिशेब पालटते, हेही धरावे.

दुसरा रकाना सुरक्षिततेचा. भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, विमा आहे का, नेमणूक कायम की ठेकेदारामार्फत? ठेकेदाराकडचे २२,००० आणि कायम नोकरीचे १९,००० यांत दुसरे जास्त असू शकतात.

तिसरा वेळेचा. कामाचे तास आणि प्रवासाचे तास एकत्र करून पगाराला भागावे. तासाचा दर पाहिला, की पुष्कळदा डोळे उघडतात.

चौथा रकाना आवडीचा. त्याला आकडा देता येत नाही, पण सोमवारी सकाळी पोटात गोळा येतो का, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असते. ते उत्तर सलग दोन वर्षे ‘हो’ असेल, तर शिलकीचा आकडा कितीही बरा दिसला, तरी तो तोट्याचा आहे.

हा कागद एकट्याने भरू नये. घरच्यांसमोर बसून भरावा. पगार एकाचा असला, तरी कर्ज, आजारपण आणि शेत सगळ्यांचे असते. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो, तेव्हा त्याच्या वाट्याची भांगलण कोण करते, म्हाताऱ्यांना मिरजेच्या दवाखान्यात कोण नेते? बहुतेक घरांत ते सुनेच्या किंवा धाकट्या भावाच्या अंगावर पडते. त्यांच्या श्रमाचाही रकाना हवा. तो आजवर कोराच राहिला आहे.

निष्कर्ष काय?

समाधान ही पुरेशा कमाईच्या वरची पायरी आहे. खालची पायरीच नसेल, तर वर चढायला सांगणे ही थट्टा ठरते. आणि ती खालची पायरी एकट्याच्या काटकसरीने बांधली जात नाही. माथाडींसाठी ती कायद्याने बांधली, आटपाडीसाठी पाण्याने, किर्लोस्करवाडीसाठी कारखान्याने. सरकारने शिक्षणसेवक, तासिका प्राध्यापक आणि आशा सेविका यांना नावे देण्यापेक्षा वेतन द्यावे. औद्योगिक वसाहतींत किमान वेतन आणि निधीची कपात कागदावर होते की खरोखर, याची तपासणी व्हावी. ॲपवर राबणाऱ्यांसाठी माथाडी मंडळासारखी रचना उभी करायला या राज्याला कुणाकडून शिकायची गरज नाही.

घरांनीही एक करावे. पुढच्या रविवारी पिशवी भरून देताना ‘किती मिळतात’ या प्रश्नाला जोडून आणखी दोन प्रश्न विचारावेत. भागते का? आणि काम आवडते का? उत्तर लगेच मिळणार नाही. स्वारगेटची गाडी लागेपर्यंत थोडा वेळ असतो, तेवढा त्या उत्तरासाठी द्यावा.